डॉक्टर ‘माहीत नाही’ म्हणतात तेव्हा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चौतीस वर्षांच्या एक बाई तापाच्या सतराव्या दिवशी माझ्याकडे आल्या. सोबत नवरा आणि रिपोर्टांनी फुगलेली फाईल. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. रक्ताचं कल्चर, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेलेले. संध्याकाळ झाली की ताप १०२ वर जायचा, घाम येऊन उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मी त्यांना सावकाश तपासलं. मान, काखा, जांघा चाचपून गाठी शोधल्या, पोटात प्लीहा हाताला लागते का पाहिलं, हृदयाचे ठोके ऐकले, फाईल पहिल्या पानापासून वाचली. शेवटी नवऱ्याने विचारलं, “मग डॉक्टर, नक्की झालंय काय?”

“मला अजून माहीत नाही,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. “एवढा खर्च झाला, एवढ्या तपासण्या झाल्या. तुम्हालाच माहीत नाही तर आम्ही जायचं कोणाकडे?”

प्रश्न अगदी रास्त होता. बाहेर वीस पेशंट बसलेले असताना त्याचं जे उत्तर देता आलं नाही, ते आज लिहितो आहे. एरवी या जागी मी एखादा आजार समजावून सांगतो. आज आम्हाला काय समजत नाही ते सांगतो.

आधी तापाचंच बघू. कारण न सापडणाऱ्या तापाला आमच्या शास्त्रात रीतसर जागा आहे. १९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा १०० रुग्णांचा अभ्यास छापला आणि व्याख्या ठरवून दिली: ताप १०१ च्या वर, तीन आठवड्यांहून जास्त काळ, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही कारण हाती नाही. तेव्हा सीटी स्कॅनही नव्हता. तुम्हाला वाटेल, आता एवढी यंत्रं आल्यावर हा प्रकार संपला असेल. झालं उलटच. नेदरलँड्समध्ये २००७ साली छापून आलेल्या अशाच एका अभ्यासात जवळपास निम्म्या रुग्णांचं निदान शेवटपर्यंत झालं नाही. कारण सोपं आहे. जे सापडण्यासारखं असतं ते आता पहिल्या आठवड्यातच सापडतं. तीन आठवड्यांनंतर उरतात ते खरोखरच अवघड ताप. दिलासा एवढाच, की ज्यांचं निदान होत नाही त्यातल्या बहुतेकांचा ताप आपला आपण निघून जातो.

पण ‘बहुतेकांचा’ या शब्दावर विसंबून घरी बसता येत नाही. आपल्याकडे असा ताप म्हटला की टीबी डोक्यात ठेवावाच लागतो, आणि तो छातीतच असेल असं नाही. म्हणून मी त्या बाईंचं तिसरं अँटिबायोटिक लिहिलं नाही. स्टेरॉइडही दिलं नाही. स्टेरॉइडने ताप उतरला असता, घरचे खूश झाले असते, आणि आत टीबी किंवा लिम्फोमा असता तर तो झाकला गेला असता. दिवसातून चार वेळा ताप मोजून वहीत लिहायला सांगितला, दर चार दिवसांनी बोलावून वजन केलं, पुन्हा पुन्हा गाठी शोधल्या. पोटाचा सीटी करून घेतला. मोठ्या रुग्णालयातल्या एका संसर्गरोग तज्ज्ञांचं मत घेतलं. त्यांनीही थांबायला सांगितलं. सव्विसाव्या दिवशी ताप आला नाही, सत्ताविसाव्यालाही आला नाही. बाई आता ठणठणीत आहेत. काय होतं ते मला आजही माहीत नाही.

खरं सांगू? ‘माहीत नाही’ या दोन शब्दांची मला आता तितकीशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती ठामपणे माहीत असण्याची. ती माझ्या मनात बसली ती मामांमुळे.

मामा एस.टी.त कंडक्टर होते. तिशीच्या आतच त्यांना पोटदुखी लागली. रात्री दोनच्या सुमारास उठायचे, थंड दूध प्यायचे, दोन बिस्किटं खायचे आणि पोट दाबून बसून राहायचे. सुट्टीत आजोळी गेलो की अंधारात त्यांच्या पेल्याचा आवाज ऐकू यायचा. अल्सर, असं निदान झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं: तिखट बंद, चहा बंद, जागरण बंद आणि मुख्य म्हणजे चिडणं बंद. मामा तापट होते हे खरं. सुट्ट्या पैशांवरून दिवसभर लोकांशी वाद घालून घरी येणारा माणूस शांत कसा राहील? पण त्यांचा आवाज जरा चढला की आजी म्हणायची, “चिडतोस म्हणूनच पोट जळतं तुझं.” मामी हळू आवाजात म्हणायची, “अहो, राहू द्या ना.” घरातल्या सगळ्यांच्या मते त्या आजाराचं कारण मामा स्वतः होते. हळूहळू मामांच्या मतेही.

१९८१ साली त्यांचं ऑपरेशन झालं. जठराकडे जाऊन आम्ल वाढवणारी वेगस नावाची नस कापली आणि जठराला आतड्याची नवी वाट जोडून दिली. त्या काळी जगभर हे ऑपरेशन होत असे आणि मामांचं उत्तम झालं होतं. दुखणं थांबलं. पण जेवण झालं की त्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची, अर्धा तास आडवं पडावं लागायचं. अन्न जठरात थांबायच्या ऐवजी एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. त्याला डम्पिंग म्हणतात. गाडीवरची ड्युटी जमेना, तेव्हा त्यांनी विनंती करून डेपोत टेबलावरचं काम मागून घेतलं.

१९८७ साली मी मेडिकलला गेलो. अल्सर कशाने होतो हे पाठ करायला आम्हाला इंग्रजीतलं एक यमक होतं: ‘हरी, वरी, करी’. (हरी म्हणजे देव नव्हे, घाई. वरी म्हणजे काळजी आणि करी म्हणजे मसालेदार कालवण.) मी ते परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळाले. लिहिताना डोळ्यांसमोर मामाच होते आणि वाटत होतं, किती तंतोतंत जुळतंय!

आणि तेव्हा हे चुकीचं ठरून पाच वर्षं होत आली होती. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. आम्लात जंतू जगूच शकत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. तो प्रयोगशाळेत वाढेनाही. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि सुट्टी संपल्यावर बघतात तो जंतू वाढलेला. दोन दिवसांत टाकून दिलेल्या आधीच्या बशांना वेळच पुरेसा मिळाला नव्हता. तरी लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि काही दिवसांत त्याच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. आमच्या वर्गात मात्र १९८७ नंतरही ‘हरी, वरी, करी’ चालूच होतं.

१९९७ साली मामांचं पोट पुन्हा दुखू लागलं. मी तेव्हा नुकताच एम.डी. होऊन दवाखाना थाटला होता. एंडोस्कोपी करून घेतली. तुकडा तपासणीच्या द्रावणात टाकला, पिवळ्याचा गुलाबी रंग झाला. म्हणजे जंतू आहे. अल्सरच्या आणखी एका कारणाबद्दल, वेदनाशामक गोळ्यांबद्दल, विचारलं. मामा त्या घेत नव्हते. दोन आठवडे तीन औषधं दिली. महिन्याभराने भेटलो तेव्हा रात्रीचं दूध बंद झालं होतं. मी त्यांना कागदावर चित्र काढून जंतूची गोष्ट सांगितली. मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे ते माझ्या रागानं नव्हतं?”

“नाही मामा. तुम्ही कितीही शांत राहिला असतात तरी जंतू होताच.”

“आई गेली बघ माझ्या रागाला दोष देत,” एवढंच ते बोलले.

कापलेली नस काही परत जोडता येत नव्हती. जेवल्यावरचा घाम शेवटपर्यंत राहिला.

मामांच्या सर्जनना मी दोष देत नाही. त्या दिवशी जगाला जे माहीत होतं ते त्यांनी केलं. मला बोचतं ते वेगळंच. कारण माहीत नव्हतं, ती जागा आम्ही मोकळी ठेवली नाही. तिथे रुग्णाचा स्वभाव बसवला. तुम्हालाही कोणी सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘तुम्ही फार विचार करता’ असं सांगितलं असेल, तर ते कधी खरं असतं आणि कधी मोकळी जागा भरण्यासाठी असतं. मी स्वतः हे वाक्य कितीदा वापरलंय, मोजलेलं नाही.

आणि जंतू सापडला म्हणजे सगळं कळलं असंही नाही. आपल्या देशात हा जंतू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असतो. बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. मामी त्याच घरात, त्याच भांड्यातलं जेवली. तिला काही झालं नाही. जंतूचा वाण, धूम्रपान, अनुवंशिकता अशी अर्धीमुर्धी उत्तरं आहेत. पूर्ण उत्तर नाही.

तुमच्यापैकी अनेकांना ब्लडप्रेशर आहे. फाईलवर ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ असं लिहिलेलं दिसेल. इसेन्शियल म्हणजे गरजेचं. पूर्वी डॉक्टरांना वाटायचं, की अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला वाढलेला दाब शरीराला गरजेचाच आहे, तो उतरवू नये. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० नोंदला होता. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाचे डॉक्टर त्याबाबत फारसं काही करू शकले नव्हते. समजूत गेली, शब्द उरला. आज त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुमचा दाब वाढण्याचं कुठलंही एक नेमकं कारण दाखवता येत नाही. दहातल्या नऊ रुग्णांचं हेच आहे.

पण इथे घाई करू नका. कारण माहीत नसलं तरी उपाय पक्का माहीत असू शकतो. दाब उतरवला की पक्षाघात कमी होतात, हे हजारो रुग्णांवर पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. भूल द्यायला लागून पावणेदोनशे वर्षं झाली. शुद्ध नेमकी कशी हरपते हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, तरी आपण निर्धास्त ऑपरेशनला जातो. तेव्हा हा लेख वाचून कोणी गोळी बंद केली तर मी खरंच रागावेन.

मात्र या गोळीतही एक न ओलांडता येणारी रेघ आहे. हजार जणांनी ती घेतली तर किती जणांचा पक्षाघात टळेल, हे साधारण सांगता येतं. ते नेमके कोण, हे सांगता येत नाही. तुम्ही ऐंशी वर्षांचे होऊन सुखाने गेलात, तर ते गोळीमुळे की एरवीही तसंच झालं असतं, हे तुम्हालाही कधी कळणार नाही आणि मलाही.

हीच रेघ सगळ्यात जास्त बोचते ती ‘डॉक्टर, किती दिवस?’ या प्रश्नाला. अमेरिकेत २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांना त्यांच्या मरणासन्न ४६८ रुग्णांबद्दल अंदाज विचारला होता. पाचातल्या एकाचाच अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाला. बहुतेकांनी जास्त आयुष्य सांगितलं. आणि डॉक्टर-रुग्णाची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला! घरच्या डॉक्टरने हे वाचून काय समजायचं ते समजावं.

स्टीफन जे गूल्ड हे जीवाश्मांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. १९८२ साली त्यांना पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाला. पुस्तकात लिहिलं होतं: मध्यक आयुष्य आठ महिने. त्यांना आकडे वाचता येत होते. आठ महिने मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, पण उरलेले निम्मे पुढे जातात, आणि त्यातले काही फार पुढे. आपण तरुण आहोत, निदान लवकर झालंय, उपचार चांगले आहेत, म्हणजे आपण त्या दुसऱ्या निम्म्यात असू शकतो, असा त्यांनी विचार केला. ते वीस वर्षं जगले आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगाने गेले. प्रत्येकाचं असं होतं, असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून मी ‘तीन महिने’ असा एक आकडा कुणाला सांगत नाही. ‘काही आठवडे असू शकतील, काही महिनेही, महत्त्वाची कामं आत्ताच उरका आणि तरी पुढच्या सणाची तयारी ठेवा,’ असं सांगतो. घरच्यांना ते गुळमुळीत वाटतं. वाटू दे.

मग तुमचे डॉक्टर ‘माहीत नाही’ म्हणाले, तर तुम्ही काय करायचं? सरळ विचारा: तुम्हाला माहीत नाही, की कुणालाच माहीत नाही? डॉक्टरांना माहीत नसेल पण दुसऱ्या कुणाला माहीत असेल, तर चिठ्ठी मागा. चांगला डॉक्टर त्यात अपमान मानत नाही. मग विचारा, काय नाही हे कळलंय का? त्या तापाच्या बाईंच्या बाबतीत ही यादी बरीच मोठी होती आणि ती यादी म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे. आणि शेवटी विचारा, आता वाट बघायची तर किती दिवस, आणि काय झालं तर रात्रीसुद्धा यायचं? याचं उत्तर डॉक्टरांकडे असलंच पाहिजे. नुसतं ‘माहीत नाही, बघू’ म्हणून घरी पाठवणं, हे अज्ञान नाही, हा आळस आहे.

आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ लिहिलेल्या जाहिरातीचा नंबर लावू नका, एवढी विनंती. आमच्या धंद्यात गॅरंटी फक्त बीपीच्या यंत्राला मिळते, तीही एक-दोन वर्षांचीच.

हे सगळं शहाणपण सांगतोय खरं, पण एक हिशेब माझ्याकडे बाकी आहे. एप्रिल २०२१. दुसरी लाट. मी एका छोट्या रुग्णालयात कोविडचे पेशंट बघत होतो. साठीचे एक गृहस्थ ऑक्सिजनवर होते, आठवा-नववा दिवस, ऑक्सिजन खाली खाली येत होता. स्टेरॉइड चालू होतं. ते उपयोगी पडतं हे जून २०२० पासून माहीत होतं. त्यांचा मुलगा दाराशी उभा राहून विचारत होता, “डॉक्टर, आणखी काय करता येईल? काहीही सांगा.” मी कागदावर लिहिलं: प्लाझ्मा.

आपल्याच देशात आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा तपासून पाहिला होता. आजार वाढणं थांबत नाही, मृत्यू कमी होत नाहीत, असं त्यात निघालं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ते छापून आलं आणि मी ते वाचलं होतं. पण प्लाझ्मा तेव्हा सरकारी नियमावलीत होता, सगळे लिहीत होते, आणि त्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. नियमावलीतून तो पुढच्याच महिन्यात, मे २०२१ मध्ये, काढला गेला.

मुलगा रात्रभर मोटारसायकलवर तीन रक्तपेढ्या फिरला. त्या रात्री वॉर्डमधल्या सिस्टरांनी वडिलांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचा दोनदा प्रयत्न केला. त्याचा फोन लागला नाही. पहाटे तो पिशवी घेऊन आला, तोवर वडिलांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तो मुलगा आता माझा बीपीचा पेशंट आहे. दर दोन-तीन महिन्यांनी येतो. मागच्या वर्षी बोलता बोलता म्हणाला, “मी लवकर आलो असतो तर… पहिल्याच रक्तपेढीत दोन तास गेले माझे.” चार वर्षं तो हे घेऊन फिरत होता. मामा रागाचं ओझं घेऊन फिरले, तसाच.

मी त्याला सगळं सांगितलं. की लवकर मिळाला असता तरी फरक पडला नसता. की हे मला तेव्हाही माहीत होतं.

तो गप्प बसला. मग म्हणाला, “मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कारण आणखी काय करता येईल हे मला माहीत नव्हतं, आणि तसं म्हणायचा धीर झाला नाही.”

त्याने मान हलवली. कशाला, ते मला कळलं नाही. शर्टाची बाही वर करून हात टेबलावर ठेवला. मी पट्टा बांधला. १३६/८४. गोळी तीच ठेवली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. तो आला.